सोबत कुणी आहे का?

*मोबाइलवरचे अर्ज, ॲप आणि सरकारी संकेतस्थळं बौद्धिक अडचणी असलेल्या माणसाला स्वतः वापरता यावीत, यासाठी चेन्नईत काय घडलं आणि मराठीत काय घडायला हवं, याचा हा शोध.*

चेन्नईचं मैलापूर ही वाचणाऱ्या माणसांची जुनी वस्ती. कपालीश्वराचं देऊळ, त्याचा तलाव, भोवतालचे चार माडा रस्ते, संगीतसभांचे फलक, जुन्या नामांकित शाळा, आणि लझच्या नाक्याजवळ एक अस्सल मराठी नाव: रानडे लायब्ररी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. पुढच्या काही वर्षांतच व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने मैलापुरात त्यांच्या नावाचं हे ग्रंथालय उभं राहिलं. ज्ञानाची दारं सर्वांना खुली केली की समाज पुढे सरकतो, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

आज ते दार बहुतेकांच्या हातातल्या फोनवर आलं आहे. बँकेचा व्यवहार, रेशनकार्ड, वीजबिल, रुग्णालयाची वेळ, मेट्रोचं तिकीट, पेन्शन, अपंगत्वाचा दाखला, सगळं पडद्यावर. दिसत नसेल त्याच्यासाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, ऐकू येत नसेल त्याच्यासाठी खाली अक्षरं उमटतात. दोन्ही अजून अपुरं आहे, पण निदान त्यांची गरज आपल्याला मान्य आहे. तिसरा एक मोठा वर्ग मात्र या हिशेबातच नाही. त्याला दिसतं, ऐकू येतं, बोट फिरवता येतं. पण लांब वाक्य लागत नाही, सहा आकडे लक्षात राहत नाहीत, एका पानावर दहा गोष्टी हलत असल्या की नेमकं कुठे पाहायचं ते उमगत नाही. बँकेच्या, तहसिलाच्या किंवा दवाखान्याच्या खिडकीवर अशा माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो: सोबत कुणी आहे का?

हा प्रश्न कुणी वाईट हेतूने विचारत नाही. पण त्याचा अर्थ सरळ आहे. तुझ्याशी बोलून उपयोग नाही, तुझ्यासोबतच्या माणसाला पुढे कर. आपली डिजिटल व्यवस्था नेमक्या याच गृहीतकावर उभी आहे. घरचं कुणीतरी करून देईल, असं धरून ती बांधली जाते.

कोण ही माणसं?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत बौद्धिक अक्षमता असलेल्यांची संख्या १५ लाखांच्या आसपास आणि मानसिक आजार असलेल्यांची ७ लाखांच्या वर होती. हे आकडे तेव्हाच्या प्रश्नावलीतून आलेले आहेत. डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचे स्वतंत्र रकाने त्या जनगणनेत नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, तेव्हा हे दोन्ही यादीत ठळकपणे आले.

या वर्गात आणखी एक मोठी भर पडते आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे त्या वयातल्या दर शंभरांमागे सातांहून अधिक. शिवाय पक्षाघातातून उठलेले, अपघातात डोक्याला मार लागलेले, नैराश्यावरच्या औषधांनी गुंगलेले. मैलापूरसारख्या निवृत्तांच्या वस्तीत किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत, जिथे मुलं परगावी आणि आईवडील एकटे, तिथे घरचं कुणीतरी करून देईल हे गृहीतक रोज कोसळतं. घरचं कुणी घरात नसतंच.

मद्रासने काय केलं

या शहराला या कामाचा जुना वारसा आहे. मेरी क्लबवाला जाधव या पारशी समाजसेविका. मेजर चंद्रकांत जाधव यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांच्या नावामागे मराठी आडनाव आलं. त्यांनी १९५३ मध्ये मद्रासेत ‘बाल विहार’ सुरू केलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी दक्षिणेतल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ही एक. मैलापुरातच १९७० मध्ये लीलावती पॅट्रिक यांनी ‘क्लार्क स्कूल’ काढलं. श्रवणदोष असलेल्या मुलांपासून सुरू झालेली ही शाळा पुढे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही शिकवू लागली.

कोट्टूरपुरमच्या ‘विद्या सागर’चं मूळ मुंबईत सापडतं. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ उभी केली. तिची मद्रासची शाखा १९८५ मध्ये पूनम नटराजन यांनी एका गॅरेजमध्ये, मोजक्या मुलांना घेऊन सुरू केली. तीच आजची ‘विद्या सागर’. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपैकी अनेकांना समजत सगळं, पण जीभ साथ देत नाही. त्यांना बोलतं कसं करायचं हा तिथला रोजचा प्रश्न. सुरुवातीला उत्तर होतं चित्रांचा तक्ता. मूल चित्राकडे बोट किंवा नजर नेतं, समोरचा माणूस अर्थ लावतो.

आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी अजित नारायणन यांनी या मुलांसोबत काम करून २०१० च्या सुमारास ‘आवाज’ नावाचं उपकरण बनवलं. ते पुढे टॅबलेटवरचं ॲप झालं. त्याचा पडदा जवळून पाहण्यासारखा आहे. वर एक कोरी पट्टी. खाली चित्रांच्या चौकटी, प्रत्येकीखाली शब्द. कर्ता, क्रियापद, विशेषण यांचे रंग वेगळे. मुलाने ‘मला’ दाबलं, मग ‘पाहिजे’च्या कप्प्यात जाऊन ‘पाणी’ दाबलं, की चित्रं पट्टीत ओळीने बसतात आणि पट्टी दाबली की वाक्य मोठ्याने ऐकू येतं. आता अर्थ लावायला मधे माणूस लागत नाही. मूल थेट बोलतं आणि ‘नको’ही म्हणू शकतं. ज्या मुलाच्या ताटात आजवर दुसऱ्याने ठरवलेलं पडलं, त्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणणं ही त्या घरातली फार मोठी घटना असते.

शहरातल्या ‘मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन’ने याच ‘आवाज’च्या चमूबरोबर वाचनाचं ॲप तयार केलं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा, ॲप त्यातला मजकूर ओळखतं, एका वेळी एकच ओळ ठळक करतं, अडलेला शब्द तोडून दाखवतं, वाचूनही दाखवतं. मुंबईत आयआयटीच्या रवी पूवय्या यांच्या गटाने ‘उम्मीद’ या संस्थेच्या सोबतीने ‘जेलो’ हे चित्रसंवादाचं ॲप केलं आणि ते मराठीतही आणलं. म्हणजे तंत्र आहे, माणसंही आहेत. मरीनाच्या रस्त्यावर दिव्यांग कल्याण आयुक्तालयाच्या आवारात २०२२ मध्ये ‘म्युझियम ऑफ पॉसिबिलिटीज’ उघडलं. तिथे अशी साधनं हाताळून बघता येतात.

पण ही सगळी साधनं माणसाच्या हातात दिलेली आहेत. पलीकडचा मजकूर आहे तसाच राहिला, तर चांगलं साधनही तिथे हात टेकतं. किचकट वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं तरी ते किचकटच राहतं.

एक साधा व्यवहार

खात्यात पैसे आले का, एवढंच पाहायचं आहे, असं धरू. ॲप उघडलं. पासवर्ड आठवायचा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मग वेड्यावाकड्या अक्षरांचं कोडं, माणूस असल्याचा पुरावा म्हणून. मग संदेशातून सहा आकडी ओटीपी. तो पाहायला ॲप सोडून संदेशात जायचं, आकडे डोक्यात धरून परत यायचं, तेवढ्यात वर सेकंद उलटे मोजले जातात. परत येईपर्यंत कर्जाच्या जाहिरातीने पडदा झाकलेला, तिची फुली कोपऱ्यात नखाएवढी. ती सापडेस्तोवर मुदत संपते. ‘सेशन कालबाह्य झाले आहे’ असं वाक्य येतं आणि पुन्हा पहिल्यापासून. तीनदा चुकलं की खातं बंद.

यातल्या कुठल्याही पायरीवर बुद्धीची कसोटी घेण्याचं कारण नव्हतं. काम होतं शिल्लक पाहण्याचं. पण वाटेत अल्पकालीन स्मृती, लक्ष, वेग आणि वाचन यांच्या चार परीक्षा लागल्या. बौद्धिक अडचण असलेला माणूस नेमका तिथे नापास होतो आणि ठपका त्याच्यावरच येतो: याला फोन वापरता येत नाही.

जगभरची संकेतस्थळं ज्या नियमावलीवर पारखली जातात, तिचं नाव डब्ल्यूसीएजी. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये काढली. तिच्यात तीन पातळ्या आहेत: ए, डबल ए आणि ट्रिपल ए. सरकारं आणि कंपन्या साधारणपणे डबल एपर्यंतच बांधील राहतात. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच पातळीला धरून आहेत. आणि घोडं इथेच पेंड खातं. अनोळखी शब्दांचा अर्थ द्यावा, लघुरूपं उलगडावीत, मजकूर माध्यमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांमधल्या मुलाला समजेल असा असावा किंवा तसा पर्याय द्यावा, हे तिन्ही निकष ट्रिपल ए पातळीवर आहेत. म्हणजे समजणं ही बाब नियमातच ऐच्छिक ठेवली आहे. संकेतस्थळाला सुलभतेचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावरचं एक वाक्यही सामान्य माणसाला कळत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

कारणही उघड आहे. चित्राला वर्णन आहे की नाही, रंगांत पुरेसा फरक आहे की नाही, हे यंत्र तपासू शकतं. वाक्य समजलं की नाही, हे माणसालाच विचारावं लागतं.

यात बदल होऊ लागला आहे. कन्सॉर्शियमच्या एका गटाने २०२१ मध्ये बौद्धिक आणि अध्ययन अक्षमता असलेल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्याची आठ उद्दिष्टं आहेत: गोष्ट काय आहे ते कळावं, हवं ते सापडावं, मजकूर स्पष्ट असावा, चुका टळाव्यात, लक्ष टिकावं, स्मरणशक्तीवर भिस्त नसावी, मदत जवळ असावी, आणि पान आपल्या सोयीने बदलता यावं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये काही गोष्टी बंधनकारक पातळ्यांवर आल्या. लॉगिनसाठी कोडं सोडवायला किंवा पाठांतर करायला लावू नका, निदान दुसरा मार्ग द्या. एकदा भरलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नका. मदतीचा दुवा प्रत्येक पानावर त्याच जागी ठेवा. अटी लहान आहेत, पण अडलेलं गाडं त्यांनी हलतं.

कायदा कुठे उभा आहे

भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या कायद्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल आणि सांकेतिक भाषेच्या जोडीला साधी भाषा आणि चित्रांसारखी पर्यायी साधनं आहेत. त्यामुळे साधी भाषा मागणं ही मेहेरबानीची विनंती ठरत नाही, ती कायद्याच्या पोटातच आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, सुलभतेचे निकष केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा, असा निकाल दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तो खटला ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या स्त्रीचा आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्याचा होता. ओळख पटवताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट त्यांच्या आड येत होती. न्यायालयाने अंध व्यक्तींना चाचणीत सामील करून घ्यायला सांगितलं. आता पुढची पायरी हीच असायला हवी की ज्यांना समजायला वेळ लागतो, त्यांनाही त्या चाचणीत बसवावं.

तमिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये कायदा दुरुस्त करून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अपंग व्यक्तींना नियुक्त करण्याची तरतूद केली. एकट्या ग्रामपंचायतींतच अशा सुमारे तेरा हजार जागा आहेत. निर्णय क्रांतिकारक आहे आणि तो एक जबाबदारी मागे ठेवतो. सभेची विषयपत्रिका, ठराव, अंदाजपत्रक कळेल अशा भाषेत मिळालं नाही, तर त्या सदस्यालाही शेवटी विचारलं जाईल, सोबत कुणी आहे का.

मरीनाच्या वाळूवर २०२२ च्या नोव्हेंबरअखेर व्हीलचेअरसाठी लाकडी मार्ग झाला. पंधरवड्यातच मांडूस चक्रीवादळाने तो मोडला, बातम्या झाल्या, महापालिकेने तो दुरुस्त केला. मोडलेला मार्ग दिसतो. न समजणारं वाक्य मोडलेलं दिसत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही आणि दुरुस्तीही होत नाही.

मराठीत हे कसं करायचं

स्वीडनमध्ये सोप्या वाचनाची पुस्तकं १९६८ पासून निघतात आणि ‘आठ पानं’ या अर्थाच्या नावाचं सोप्या भाषेतलं वृत्तपत्र १९८४ पासून. युरोपातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संघटनांनी २००९ मध्ये सोप्या लेखनाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा नियम असा की सोपा मजकूर या व्यक्तींना वगळून लिहू नका, त्यांनी वाचून मान्य केल्याशिवाय छापू नका.

नियम उचलून मराठीत बसवता येत नाहीत, कारण प्रत्येक लिपीची अडचण तिची स्वतःची असते. तमिळमध्ये अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की स्वर गळतो, जोडाक्षर बनवावं लागत नाही. देवनागरीत ‘शिक्षणार्थी’ घ्या. पहिली वेलांटी श च्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, मग क्ष, मग थ च्या आधी उच्चारायचा र त्याच्या डोक्यावर. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला एका शब्दात तीनदा मागेपुढे जावं लागतं. मात्रा वर, उकार खाली, म्हणून दाट ओळी एकमेकींत शिरतात. मराठीला दोन ओळींत जास्त जागा हवी आणि अक्षर मोठं हवं. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये डिस्लेक्सिया ओळखण्यासाठी भारतीय भाषांतल्या चाचण्या आणल्या, त्यांत मराठी आहे. लेखनाच्या बाजूने असं काम व्हायचं आहे.

सरकारी मराठीचा एक नमुना पाहू. वाक्य माझं आहे, पण साचा कुणालाही ओळखू येईल.

*“उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर योजनेअंतर्गत अनुज्ञेय लाभ पुढे चालू ठेवण्याकरिता लाभार्थ्यांनी हयातीचा दाखला विहित मुदतीत संबंधित कार्यालयात सादर करणे बंधनकारक असून, तसे न केल्यास देय रक्कम स्थगित करण्यात येईल.”*

आता हेच सोपं करू.

*तुम्हाला दर महिन्याला पेन्शन मिळते.*
*ती चालू राहण्यासाठी एक कागद द्यावा लागतो.*
*या कागदाला ‘हयातीचा दाखला’ म्हणतात.*
*तुम्ही जिवंत आहात, हे तो सांगतो.*
*हा कागद ३० नोव्हेंबरच्या आत द्या.*
*कुठे द्यायचा: तहसील कार्यालय, खिडकी क्रमांक ४.*
*कागद दिला नाही, तर पेन्शन थांबेल.*
*नंतर कागद दिला, तर पेन्शन पुन्हा सुरू होईल.*

दुसरा मजकूर लिहिताना एक गोष्ट लक्षात येते. पहिल्यात तारीख नव्हती, जागा नव्हती, उशीर झाला तर पुढे काय तेही नव्हतं. ‘विहित मुदतीत’ आणि ‘संबंधित कार्यालयात’ या शब्दांआड सगळं झाकलं गेलं होतं. सोपं लिहायला बसलं की आधी ठरवावं लागतं, आणि ठरवलं नसेल तर ते उघडं पडतं. अवघड भाषेचा सर्वांत मोठा फायदा लिहिणाऱ्याला होतो, तो हा. म्हणून सोप्या मजकुराचा उपयोग बौद्धिक अक्षमता असलेल्यांपुरता राहत नाही. पहिल्यांदा कार्यालयात येणारी शेतमजूर बाई, मराठी नुकतीच शिकलेला परप्रांतीय, घाईत असलेला वकील, सगळ्यांचं काम सोपं होतं.

मदत आणि ताबा

यावर पालकांचा एक आक्षेप असतो आणि तो भीतीतून येतो, म्हणून गंभीरपणे घ्यायला हवा. मुलाच्या हातात बँकेचं ॲप दिलं आणि कुणी फसवलं तर? फसवणूक होते, हे खरंच आहे. पण आज काय चाललं आहे? पासवर्ड भावाकडे, ओटीपी काकाच्या फोनवर, सही आईची. खातं ज्याचं आहे त्याला शिल्लक किती हेही ठाऊक नाही. फसवणुकीला याहून सोयीची जागा दुसरी कुठली? साध्या शब्दांत ‘तुम्ही ५०० रुपये या माणसाला देत आहात. हो की नाही?’ असं विचारणारा आणि चूक झाल्यास परत फिरू देणारा पडदा माणसाला जास्त सुरक्षित ठेवतो.

२०१६ च्या कायद्याने पालकत्वाची कल्पनाही बदलली. त्याच्या १४ व्या कलमातलं पालकत्व मर्यादित आहे. पालक आणि ती व्यक्ती परस्परविश्वासाने मिळून निर्णय घेतात, अशी त्यामागची भूमिका आहे. आता मिळून निर्णय घ्यायचा, तर दोघांनाही कागद कळायला हवा. एकालाच कळत असेल, तर ते पालकत्व पुन्हा ताबाच होतं. कठीण प्रसंगी सोबत लागेल, आपल्या सगळ्यांना लागते. पण सोबत कधी आणि कुणाची, हे त्या व्यक्तीने ठरवायचं.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र खातं सुरू केलं. शिवडीचं ‘जय वकील’ १९४४ पासून आणि पुण्याची ‘कामायनी’ १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करत आहेत. पालकांच्या ‘परिवार’ या राष्ट्रीय संघटनेत स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या तरुणांचा मंचही आहे. मजकूर तपासून द्यायला लागणारी माणसं इथेच आहेत. दिव्यांग कल्याण खात्याने सुरुवात स्वतःच्या दारापासून करावी. सर्वांत जास्त उघडल्या जाणाऱ्या दहा पानांची आणि अर्जांची सोपी मराठी आवृत्ती करावी, ती या तरुणांकडून तपासून घ्यावी आणि त्या कामाचे त्यांना पैसे द्यावेत. जे वाक्य त्यांना कळलं नाही ते छापू नये, मग ते कितीही अधिकाऱ्यांच्या सहीचं असो. बँकांनी कोडी काढून टाकावीत, वेळ वाढवून मागण्याचं बटण द्यावं, आणि नवं ॲप बाजारात आणण्याआधी अशा ग्राहकांना ते एकट्याने वापरायला देऊन पाहावं. शाळांनी सूचना, वेळापत्रकं आणि निकाल साध्या वाक्यांत पाठवावेत.

याला मोठा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. लिहिणाऱ्याने लिहिताना समोर एक माणूस धरायला हवा, ज्याला हे स्वतः वाचायचं आहे, स्वतः ठरवायचं आहे आणि स्वतः बटण दाबायचं आहे. तो नागरिक आहे, खातेदार आहे, मतदार आहे. त्याला समजेल असं लिहिणं हे आपलं काम आहे, आणि ते आजवर आपण केलेलं नाही.